चित्रीकरणासाठी बॅटरीवरचा एलईडी दिवा: घरच्या घरी, पण नीट

घरी बनवलेला चित्रीकरणाचा दिवा दोन ठिकाणी फसतो, आणि दोन्ही चुका नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. प्रकाश मंद केला की कॅमेऱ्यात आडवे काळे पट्टे सरकू लागतात. किंवा प्रकाश भरपूर असूनही चेहरा हिरवट, आजारी दिसतो, कुंकू तपकिरी येतं आणि शालूचा लाल मरून जातो. दिवा पेटवणं सोपं आहे. या दोन चुका टाळायला थोडा विचार लागतो, म्हणून हा लेख त्यांच्याभोवतीच लिहिला आहे.

इथे बनवायचा आहे तो ३० × २० सेंटिमीटरचा चपटा, मऊ प्रकाशाचा दिवा. पूर्ण प्रकाशावर तो साधारण २४ वॅट घेतो, एका चार्जिंगवर सव्वादोन ते अडीच तास चालतो आणि ट्रायपॉडवर बसतो. मुलाखत, स्वयंपाकाचे व्हिडिओ, लघुपटातला एका माणसाचा प्रसंग यांना तो पुरतो. डिफ्यूजरमधून, म्हणजे प्रकाश पसरवणाऱ्या दुधी पडद्यातून, १ मीटर अंतरावर अंदाजे ३५० ते ४५० लक्स (उजेडाचं माप) मिळतात. म्हणजे एफ २.८, शटर १/५०, आयएसओ ४०० या मापावर चेहरा व्यवस्थित उजळतो. २ मीटरवर हाच प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो, त्यामुळे आख्खी खोली उजळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आधी रचना समजून घ्या

बाजारात मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीवर तीन-तीन एलईडी एका माळेत जोडलेले असतात आणि प्रत्येक माळेला एक रोधक (रेझिस्टर) असतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तिघांचे ९ आणि उरलेले ३ रोधकावर, असा हिशोब. आता या पट्टीला तीन लिथियम सेलची बॅटरी थेट जोडली तर काय होईल? भरलेली असताना ती १२.६ व्होल्ट देते, तेव्हा पट्टी गरजेपेक्षा जास्त तापते. उतरता उतरता १० व्होल्टवर आली की प्रकाश अगदी क्षीण होतो. चित्रीकरणाच्या पहिल्या आणि शेवटच्या टेकमध्ये उजेड वेगळा आला तर संकलनात ते दुरुस्त करता करता जीव जातो.

म्हणून चार सेलची बॅटरी घ्यायची. ती भरलेली असताना १६.८ व्होल्ट असते आणि वापरताना सरासरी १४.८. मध्ये व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर बसवला की पट्टीला कायम तेच १२ व्होल्ट मिळतात. प्रकाश कमी-जास्त करायचा तोही याच कन्व्हर्टरचं व्होल्टेज बदलून.

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. दुकानात 'एलईडी डिमर' म्हणून जी स्वस्त डबी मिळते ती पीडब्ल्यूएम पद्धतीने चालते: एलईडी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा पूर्ण बंद-चालू करते. डोळ्याला सरासरी मंद प्रकाश दिसतो. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे काही ओळींना उजेड मिळतो आणि काहींना नाही. तेच ते पट्टे. शूटिंगच्या दिव्यात ही डबी कुठेही वापरू नका.

साहित्य

पट्टी: १२ व्होल्ट, २८३५ प्रकारचे एलईडी, मीटरला १२०, मीटरला ९.६ वॅट, सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचं १०० पैकी माप) ९५ किंवा अधिक, रंग ५६०० केल्विनच्या आसपास. लागेल २.५ मीटर, पण ती एकाच रिळातली हवी. दोन रिळांचा पांढरा एकसारखा असतोच असं नाही, आणि कॅमेरा तो फरक दाखवतो. सीआरआय कुठेच लिहिलेला नसेल तर तो बहुधा ८० च्या आसपास असतो. अशा पट्टीत लाल रंगाचा भाग तोकडा पडतो आणि त्वचेची रयाच जाते. खर्चात काटकसर करायची तर चौकटीत करा, डिफ्यूजरमध्ये करा. पट्टीत करू नका.

बॅटरी: १४.८ व्होल्ट, ५२०० एमएएच, १८६५० सेलचा तयार पॅक, आत संरक्षण सर्किट म्हणजे बीएमएस असलेला. ही ७७ वॅट-तासांची बॅटरी होते. सोबत १६.८ व्होल्ट, २ अँपिअरचा लिथियमचा चार्जर. सुटे सेल आणून स्वतः जोडायचा मोह नवख्यांनी टाळावा. सेलवर थेट सोल्डरिंग केलं की आतला पडदा उष्णतेने बिघडतो. त्यासाठी स्पॉट वेल्डरच लागतो. आणखी एक खूण: १८६५० सेलची खरी क्षमता बहुधा ३५००-३६०० एमएएचच्या आतच असते. '९९०० एमएएच' छापलेला सेल बनावट समजावा.

कन्व्हर्टर: एक्सएल४०१५ चिपचा, दोन स्क्रूचा मॉड्यूल. एक स्क्रू व्होल्टेजचा, दुसरा करंटच्या मर्यादेचा. त्यावर ५ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तेवढं त्याच्याकडून मागू नये. आपलं काम २ अँपिअरचं आहे, तिथे तो निवांत चालतो.

बाकी किरकोळ: २ मिलिमीटर जाडीचा ३० × २० सेंमी ॲल्युमिनियमचा पत्रा, ३ मिमी दुधी ॲक्रिलिक त्याच मापाचं, गाडीत वापरतात तो ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज होल्डरसह, रॉकर स्विच, एक्सटी६० कनेक्टरची जोडी, १ किलोओहमचा लिनिअर पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून बदलता येणारा रोधक (त्यावर 'बी१के' असं लिहिलेलं असतं) आणि त्याची मूठ, काही पाव वॅटचे रोधक, दोन तारांचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर, १ चौरस मिमी आणि ०.५ चौरस मिमीची तार, कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी, वीज न वाहणारी टेप), ०.८ मिमीची सोल्डर तार. मल्टिमीटर हवाच, त्याच्याशिवाय सुरुवात करू नका. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे यातलं बहुतेक सगळं हाती येतं. जास्त सीआरआयची पट्टी मात्र बऱ्याचदा ऑनलाइन मागवावी लागते.

पत्रा आणि पट्ट्या

पत्र्याच्या कडा कानशीने घासून घ्या, पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने हलकेच खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोटाचं तेल राहिलं तर पट्टीचा डिंक आठवड्याभरात सुटतो, पट्टी पत्र्यापासून उचलली जाते आणि तेवढ्याच भागातले एलईडी तापून मरतात.

मीटरला १२० एलईडीच्या पट्टीवर दर २.५ सेंमीवर कापायची खूण असते. खुणेवरच कापा, तांब्याचे ठिपके दोन्हीकडे निम्मे-निम्मे राहिले पाहिजेत. २५ सेंमीचे दहा तुकडे करा. पत्र्यावर १८ मिमीच्या अंतराने दहा समांतर रेघा आखा. पट्टी चिकटवण्याआधी प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना, जिथे कापलेली कड येणार तिथे, कॅप्टॉन टेपचा दीड-दोन सेंमीचा तुकडा लावा. कापताना तांब्याचा पातळ पापुद्रा खाली वळतो आणि पत्र्याला टेकतो. एका पट्टीचा प्लस आणि दुसरीचा मायनस असे पत्र्याला टेकले की शॉर्ट झालाच. नवख्यांच्या हातून सर्वाधिक होणारी चूक हीच.

सगळे तुकडे एकाच दिशेने चिकटवा, म्हणजे प्लसचा ठिपका प्रत्येकाचा वरच्या बाजूला येईल.

आता जोडणी. दहा तुकडे एकामागून एक नागमोडी जोडले तर शेवटच्या तुकड्यापर्यंत व्होल्टेज गळतं आणि दिव्याची एक बाजू मंद दिसते. त्याऐवजी डाव्या कडेने प्लसची एक सोललेली तार उभी न्या आणि प्रत्येक तुकड्याचा डावा प्लस तिला जोडा. उजव्या कडेने मायनसची तार न्या आणि प्रत्येकाचा उजवा मायनस तिला जोडा. यात दोन फायदे आहेत: प्रत्येक तुकड्याला जवळपास सारखंच व्होल्टेज मिळतं, आणि प्लस-मायनसच्या उघड्या तारा एकमेकींपासून २५ सेंमी लांब राहतात. या तारांखालीही सलग कॅप्टॉन टेप लावायला विसरू नका. मुख्य तारा आत येतील तिथे प्लस खालच्या टोकाला द्या आणि मायनस वरच्या टोकाहून घ्या.

सोल्डरिंग करताना आधी ठिपक्यावर आणि तारेवर वेगवेगळं थोडं सोल्डर लावून घ्या, मग दोन्ही एकत्र आणून सोल्डरिंग आयर्न टेकवा. तीन सेकंदांत काम झालं नाही तर थांबा, गार होऊ द्या, पुन्हा करा. जास्त वेळ तापवला की तांब्याचा ठिपकाच सुटून येतो, आणि मग २.५ सेंमी कापून टाकण्याखेरीज उपाय नसतो.

झाल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवून पत्रा आणि प्लस, पत्रा आणि मायनस असं दोनदा तपासा. एकदाही बीप वाजता कामा नये. वाजला तर एकेक तुकडा सोडवत दोषी टोक शोधा.

कन्व्हर्टर: घाई न करण्याची जागा

दिवा अजून जोडू नका. कन्व्हर्टरच्या इनपुटला फ्यूजमधून बॅटरी द्या, प्लस-मायनस दोनदा बघून. उलटं जोडलं तर चिप क्षणात जाते. आउटपुटवर मल्टिमीटर लावा आणि व्होल्टेजचा स्क्रू फिरवून १२.० व्होल्ट आणा. हा स्क्रू वीस-पंचवीस फेरे फिरतो, त्यामुळे सुरुवातीच्या काही फेऱ्यांत काहीच बदललं नाही तरी तो बिघडलेला नसतो.

आता हा बारीक स्क्रू काढून त्याजागी हाताने फिरवता येईल असा पोटेन्शिओमीटर बसवायचा आहे. मूळ स्क्रू बहुधा १० किलोओहमचा असतो. तेवढाच मोठा पोटेन्शिओमीटर लावला तर मूठ जराशी फिरताच व्होल्टेज १२ च्या पलीकडे जातं आणि पट्टी जळते. म्हणून मोजमाप करून घ्या:

१. १२.० व्होल्ट चालू असताना मूळ स्क्रूच्या तीन पायांवर, मायनसच्या तुलनेत, व्होल्टेज मोजा. मधल्या पायापेक्षा वेगळा आकडा दाखवणारा एकच कडेचा पाय सापडेल. तो लक्षात ठेवा, बोर्डवर मार्करने खूण करा. (या दोन पायांपैकी एकावर १२ आणि दुसऱ्यावर सुमारे १.२५ व्होल्ट असतील.)

२. बॅटरी काढा. स्क्रू न हलवता तो बोर्डवरून सोडवा आणि मधला पाय व खुणेचा पाय यांच्यातला रोध मोजा. समजा, २.८ किलोओहम आला.

३. आपला १ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर प्रत्यक्षात किती आहे ते कडेच्या दोन पायांवर मोजा. छापलेल्यापेक्षा १०-२० टक्के फरक असू शकतो. तो आकडा आधीच्या आकड्यातून वजा करा. उरलेल्या किमतीचा, किंवा किंचित कमी, पक्का रोधक निवडा. वरच्या उदाहरणात १.८ किलोओहम.

४. पक्का रोधक आणि पोटेन्शिओमीटर एकामागे एक जोडून त्याच दोन छिद्रांत बसवा. पोटेन्शिओमीटरचा मधला पाय त्याच्या एका कडेच्या पायाला जोडून टाका.

या शेवटच्या जोडणीमागे कारण आहे. पोटेन्शिओमीटरच्या आतला सरकता संपर्क धुळीने क्षणभर सुटतो, हे कधी ना कधी होणारच. मधला पाय मोकळा असेल तर त्या क्षणी कन्व्हर्टर बेभान होऊन बॅटरीचे सगळे १६ व्होल्ट पट्टीवर टाकतो. तो कडेच्या पायाला जोडलेला असेल तर रोध फार तर पूर्ण १ किलोओहम होतो, म्हणजे आउटपुट १२ व्होल्टवरच थांबतं. एवढ्याशा तारेच्या तुकड्याने दिवा वाचतो. या तारा १० सेंमीच्या आत ठेवा आणि एकमेकींभोवती पीळ द्या.

पुन्हा बॅटरी लावून बघा. मूठ एका टोकाला साधारण ८ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला १२ किंवा त्याहून थोडं कमी दाखवेल. १२.१ च्या वर जात असेल तर पक्का रोधक एक पायरी लहान घ्या. घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर प्रकाश कमी होत असेल तर मधला पाय दुसऱ्या कडेच्या पायाला जोडा आणि मोकळ्या झालेल्या पायावर तार हलवा.

मग दिवा जोडा, मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत घालून. पूर्ण प्रकाशावर करंट साधारण २ अँपिअर यायला हवा. स्वस्त पट्टी लेबलपेक्षा कमीच घेते, १.६-१.७ आला तर घाबरू नका. करंटचा स्क्रू उलटा फिरवत जा. आकडा घसरायला लागला की थांबा आणि अर्धा फेरा परत सुलटा द्या. आता व्होल्टेजची बाजू कधी बिघडलीच तर करंटचं कुंपण उभं आहे.

पेटी, डिफ्यूजर, ट्रायपॉड

वायरिंगचा क्रम: बॅटरी, एक्सटी६०, फ्यूज, स्विच, कन्व्हर्टर, पट्ट्या. बॅटरीकडे नेहमी मादी कनेक्टर असावा, म्हणजे तिचे जिवंत टोक उघडे राहत नाहीत. फ्यूज बॅटरीपासून १० सेंमीच्या आत. व्होल्टमीटर स्विच आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये जोडा, नाहीतर तो कपाटातही बॅटरी पीत राहील.

पत्र्याभोवती ४ सेंमी खोल चौकट करा. प्लायवूड चांगलं, सनबोर्डही चालतो. आतून पांढरा कागद किंवा रंग. खोली ४ सेंमीच का, तर पट्ट्यांमध्ये १८ मिमी अंतर आहे आणि डिफ्यूजर साधारण त्याच्या दुप्पट लांब असला की वेगवेगळ्या रेघा विरघळून एकसंध पांढरा पृष्ठभाग दिसतो. जवळ आणला तर माणसाच्या डोळ्यांत आणि चष्म्यात दहा रेघा उमटतात. ॲक्रिलिक जवळजवळ निम्मा प्रकाश खाऊ शकतं. पांढरा बटर पेपर कमी खातो, फक्त दमट हवेत सुरकुततो, म्हणून बदलता येईल असा चिमट्यांनी लावावा.

पत्र्याची मागची बाजू उघडी ठेवा. दिव्याची उष्णता तिथूनच बाहेर पडते. अर्धा तास पूर्ण प्रकाशावर ठेवून मागे तळहात टेकवा: कोमट ते गरम लागेल, पण हात ठेवता आला पाहिजे. ठेववत नसेल तर पट्टी पत्र्याला नीट टेकलेली नाही किंवा हवा अडली आहे. कन्व्हर्टर आणि बॅटरी पत्र्याला चिकटवू नका; कन्व्हर्टर १५ मिमीच्या स्पेसरवर बसवा, बॅटरी वेलक्रोच्या पट्ट्याने चौकटीच्या खालच्या फळीला बांधा. वजन खाली राहिलं की दिवा डोलत नाही.

ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंचाचा, इंचाला २० आट्यांचा असतो. हार्डवेअरच्या दुकानात साधा ६ मिमीचा नट देतील, तो दोन फेरे जातो आणि अडकतो. नीट विचारून पाव इंचाचाच घ्या आणि फळीत इपॉक्सीने बसवा.

तपासणी आणि वापर

मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड उघडा, शटर १/४००० करा आणि डिफ्यूजरवर रोखा. पूर्ण प्रकाशावर, मध्यावर आणि अगदी मंद, तिन्ही ठिकाणी पडदा स्वच्छ दिसला पाहिजे. मग २४० फ्रेमचा स्लो मोशन घेऊन बघा. इथे पट्टे दिसले तर आधी खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. दोष बहुधा त्यांचाच असतो. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तिच्यासोबत शूट करायचं असेल तर २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

अगदी मंद प्रकाशावर काही तुकडे इतरांपेक्षा थोडे उजळ वाटतील. एलईडींच्या व्होल्टेजमधल्या बारीक फरकामुळे ते होतं. डिफ्यूजर बराचसा झाकतो. खूपच कमी उजेड हवा असेल तर मूठ तळाला नेण्यापेक्षा दिवा मागे सरकवा.

कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. पांढरा कागद धरून पक्का करा. खिडकीच्या उजेडाशी ५६०० केल्विन जुळतं. पिवळ्या दिव्यांच्या खोलीत केशरी जेल (रंगीत पारदर्शक कागद) डिफ्यूजरवर लावा. लॅपल माइकचा ट्रान्समीटर कन्व्हर्टरपासून अर्धा मीटर तरी लांब ठेवा. कानाला बारीक शिट्टी ऐकू आली तर ती कन्व्हर्टरच्या कॉइलची असते. करंटची मर्यादा फार घट्ट असेल तर शिट्टी वाढते, स्क्रू जरा सैल करा.

दिवा अचानक बंद पडला आणि बॅटरीत जीव आहे असं वाटत असेल तर बीएमएसने दार लावून घेतलेलं असतं. आधी शॉर्ट शोधा, मग बॅटरी काही सेकंद चार्जरला लावा. बरेचसे बीएमएस त्याने पुन्हा उघडतात.

बॅटरी पॅकची भीती वाटत असेल तर

बॅटरी पॅकऐवजी यूएसबी-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) पॉवर बँक वापरता येते. ती किमान ३० वॅटची हवी, आणि सोबत पीडी ट्रिगर बोर्ड, म्हणजे पॉवर बँकेकडून ठरावीक व्होल्टेज मागून घेणारा छोटा बोर्ड, १५ किंवा २० व्होल्टवर लावलेला. १२ व्होल्टवर भरवसा ठेवू नका. पीडीच्या नेहमीच्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० अशा आहेत, १२ प्रत्येक पॉवर बँक देतेच असं नाही. पुढचं सगळं, कन्व्हर्टरसह, तसंच.

बॅटरीची निगा

व्होल्टमीटर १३ दाखवू लागला की थांबा. त्याखाली कन्व्हर्टरला १२ राखता येत नाहीत, प्रकाश घसरतो, आणि सेलही विनाकारण थकतात. चार्जिंग फक्त १६.८ व्होल्टच्या लिथियम चार्जरने; गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीचा चार्जर कधीही नाही. चार्जिंग फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर, घरात कुणी जागं असताना. महिनाभर वापर नसेल तर बॅटरी १५ व्होल्टच्या आसपास ठेवून कोरड्या जागी ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत अजिबात ठेवू नका. विमानाने जाताना ती हातातल्या सामानात घ्या, कनेक्टरवर टोपी लावून आणि वॅट-तास स्पष्ट लिहून. १०० वॅट-तासांची मर्यादा आहे आणि आपली बॅटरी ७७ ची. फुगलेला, गोड-उग्र वास येणारा किंवा आदळून वाकलेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नाही. तो उघड्यावर, मातीच्या कुंडीत वा वाळूच्या बादलीत ठेवून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा.